जिवाचा दोरा, पिशवीचा दोरा

माझा धाकटा भाऊ तीन दिवसांच्या एका शिबिराला गेला आणि सामुराय होऊन परत आला. सर्दी घेऊन आला असता तर चार दिवसांत उतरली तरी असती. हे दीड वर्ष झालं तरी उतरायचं नाव घेत नव्हतं.

आमचा कारखाना म्हणजे उंच छपराची एक शेड. आत बारा शिलाई मशीनं, कापायचं लांब टेबल आणि मागच्या भिंतीला रिळांचं कपाट. उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे आम्ही शिवतो. काचा पुसणारे, धुराड्यांना रंग देणारे, खांबांवर चढणारे लोक खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांखालून जे पट्टे घालतात आणि ज्यांच्या पाठीला दोर अडकवतात, ते. सुरुवात आईने केली होती, ताडपत्र्या आणि तंबू शिवून. तिच्यामागे मी मशीनवर बसले आणि धाकटा बाहेरचं बघायला लागला. पट्ट्यांची कल्पना त्याची, शिलाई माझी आणि भांडणं दोघांची मिळून.

शिबिरात त्याला शिकवलं होतं की धंदा म्हणजे लढाई आणि मालक म्हणजे सामुराय. आल्या आल्या त्याने स्वतःच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या. योद्धा खुर्चीत सैलावत नाही म्हणे. मग चटईवर गुडघे दुमडून बसायला लागला आणि उठताना कुणी बघत नाही ना हे बघायला लागला. भिंतीवर लाकडी तलवार आली. रोज सकाळी मशीनं सुरू होण्याआधी तो डोळे मिटून उभा राहायचा आणि आपण आज मेलो आहोत अशी कल्पना करायचा. जो मरणाची तयारी करून घराबाहेर पडतो त्याच्या हातून हलगर्जीपणा होत नाही, असं तो बायकांना समजावून सांगायचा. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या काकू एकदा माझ्या कानाशी म्हणाल्या, "मरायच्या आधी माझ्या मशीनची वादी तेवढी बदलून दे म्हणावं." समोर सगळ्याजणी त्याला साहेब म्हणायच्या, पाठीमागे तलवारबहाद्दर. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

पण दोन गोष्टी त्याने मनापासून केल्या, हेही सांगायला हवं. पहिली म्हणजे लटकणं. पट्ट्यांचा प्रत्येक लॉट पुरा झाला की त्यातला एक पट्टा डोळे मिटून उचलायचा, स्वतःच्या अंगावर चढवायचा आणि माल वर चढवायच्या मोटारीने छपराच्या तुळईपर्यंत जायचं. तिथे एक कप चहा प्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ लटकून राहायचं. पूर्वी खाली गाद्या घालायचो. त्याने त्या काढून टाकल्या. मनात गादी असली की हातातली शिलाई ढिली पडते, म्हणाला. मी कपाळाला हात लावला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे लाल दोरी. जपानी कारखान्यांत अशी असते, असं त्याला कळलं होतं. आमच्या मशीनांच्या वरून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ताणलेली होती. काही चुकतंय असं ज्याला दिसेल त्याने ती ओढायची. ओढली की मशीनं, दिवे, पंखे, वर न्यायची मोटार, सगळं बंद. भिंतीवर त्याने नियम रंगवून घेतले होते. दोरी ओढणाऱ्याचे आधी आभार मानायचे, मग पाच वेळा 'का' विचारायचं, आणि पाचवं उत्तर मिळाल्यावर ज्याने ओढली त्यानेच खाली पडलेलं हँडल वर सारून वीज सुरू करायची.

दोरी बसवल्यापासून सहा महिन्यांत ती एकदाच ओढली गेली. सारखी बोलते म्हणून जिला आम्ही बडबडी म्हणतो, तिने दोरीवर डब्याची पिशवी अडकवली तेव्हा. धाकटा धावत आला, कमरेतून वाकला आणि म्हणाला, "आभारी आहे." मग कळलं की पिशवी आहे. त्याचं तोंड एवढंसं झालं. बडबडी त्यानंतर आठवडाभर त्या दोरीखालून जाईना, आणि बाकीच्यांनीही त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. मी मात्र ते दोन शब्द ऐकून मनातल्या मनात चरफडले होते. माझे आभार या माणसाने जन्मात मानले नव्हते. घरच्यांचे कुणी आभार मानतं का, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी मोजपट्टी येणार होता. खरं नाव काय ते त्याच्या कार्डावर असेल. खिशात कायम मोजपट्टी, म्हणून आम्ही ते ठेवलं. उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा तो तपासनीस. त्यांच्या सगळ्या माणसांचे पट्टे नव्याने घ्यायचे होते आणि आमचा पन्नासांचा लॉट पाहून तो ठरवणार होता. हे काम मिळालं तर कारखाना चालणार होता. नाही मिळालं तर महिनाअखेरीला शेडला कुलूप. बाराजणींना हे माहीत होतं. त्यामुळे सकाळपासून बडबडीसुद्धा गप्प होती.

आदल्या दिवशी दुपारी धाकट्याने आवराआवर काढली. शिबिरातलंच खूळ, जे लागत नाही ते डोळ्यांसमोर नको. त्याने भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढली, टेबलाखालच्या चिंध्या काढल्या आणि रिळांचं कपाट स्वतः लावलं. पांढरी रिळं एका फळीवर, काळी दुसऱ्या, पिवळी तिसऱ्या. दिसायला सुबक होतं, नाही म्हणत नाही. फक्त माझी झाकणं गेली होती.

ती झाकणं म्हणजे जोड्यांच्या जुन्या खोक्यांची. आमच्याकडे पांढरा दोरा दोन प्रकारचा असतो. पट्टे शिवायचा पॉलिएस्टरचा, आणि पट्टा ज्या कापडी पिशवीत घालून देतो ती पिशवी शिवायचा सुती. जाडी तीच, रीळही तसंच. म्हणून मी फार वर्षांपूर्वी दोन झाकणं घेतली आणि जाड पेनाने एकावर लिहिलं 'जिवाचा', दुसऱ्यावर 'पिशवीचा'. रिळं त्या त्या झाकणात ठेवायची. अक्षर माझं, म्हणजे कोंबडीचे पाय. पण इतक्या वर्षांत चूक कधी झाली नाही. त्या दुपारी दोन्ही झाकणं दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात दिसली. मी काही बोलले नाही.

मोजपट्टी अकराला आला. बुटका, खांदे रुंद, बोलणं मोजकं. टोपी काढून त्याने दाराशी खुंटीला लावली. धाकट्याने त्याला लाल दोरी दाखवली, नियम वाचून दाखवले.

"आमच्याकडे चूक लपत नाही," धाकटा म्हणाला. "माझा शब्द आहे. दोरी ओढली की पाच प्रश्न झाल्याशिवाय इथे काडी हलत नाही."

"किती वेळा ओढली आजवर?" मोजपट्टीने विचारलं.

"एकदा."

"सहा महिन्यांत एकदा?" त्याने दोरीकडे पाहिलं, मग बायकांकडे. "म्हणजे एकतर फार चांगलं काम करता, नाहीतर ओढायची भीती आहे."

धाकटा पट्ट्यांच्या रांगेकडे वळला. आमचे पट्टे ज्या क्रमाने शिवले जातात त्या क्रमाने त्यांना नंबर लागतात. पहिले चौतीस तयार होऊन दांडीवर होते. शेवटच्या सोळांच्या दोऱ्यांची टोकं जाळायची राहिली होती, ते टेबलावर होते. शिलाई संपली की दोऱ्याचं टोक लायटरने जाळतात. पॉलिएस्टर वितळतो, टोकाला बारीक मणी बनतो आणि मग शिलाई उसवत नाही. ते काम माझं.

धाकटा डोळे मिटून दांडीवरचा पट्टा उचलणार तोच मोजपट्टी म्हणाला, "तो नको. तयार ठेवलेला कुठलाही चांगलाच असतो. अर्धवट असेल त्यातला द्या."

त्याने टेबलावरून एक ओढून काढला. नंबर एक्केचाळीस. धाकट्याचा चेहरा खुलला, आपल्याला असंच गिऱ्हाईक हवं असल्यासारखा. त्याने पट्टा चढवला, कड्या ओढून बघितल्या, पाठीला मोटारीचा आकडा अडकवून घेतला, बटणांची डबी हातात घेतली आणि वर निघाला. जाता जाता म्हणाला, "ताई, काम चालू ठेव. पाहुण्यांना चालता कारखाना बघू दे."

मी टेबलाशी बसले आणि बेचाळीस नंबर पुढे ओढला. लायटर पेटवून पहिल्या टोकाला लावला.

मणी बनला नाही. टोक लाल झालं, सरसर जळत गेलं आणि बोटावर राख पडली. जळक्या कागदाचा वास आला.

मी दुसरं टोक जाळलं. राख. मग त्रेचाळीस घेतला. राख. माझ्या हातांना सगळं आधी आठवलं, डोक्याला मागून. प्रत्येक पट्ट्याची शेवटची शिलाई काकूंच्या मशीनवर होते, आणि काल चहानंतर तिथलं रीळ संपलं होतं. नवं रीळ मीच चढवलं होतं. पांढऱ्या फळीवरून, हाताला लागलं ते. हे सोळा पट्टे त्यानंतरचे. पिशवीच्या दोऱ्याने शिवलेले. आणि सोळांपैकी एक घालून माझा भाऊ तुळईला लटकत होता.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी तशीच बसून राहिले. सुती दोरा नुसतं वजन धरतो, हे मला माहीत होतं. चहाच्या कपाएवढा वेळ तर नक्की धरेल. तो खाली येईल, मोजपट्टी सही करेल, टोपी घालून जाईल. मग मी हे सोळा पट्टे गुपचूप उसवून नव्याने शिवेन. कुणाचं काही बिघडणार नाही आणि बाराजणींची मशीनं चालू राहतील. मी लायटर विझवला आणि बेचाळीस नंबर घडी करून मांडीवर घेतला.

तेवढ्यात मोजपट्टी वर बघून म्हणाला, "लटकणं ठीक आहे. पण माणूस लटकायला घालत नाही हे, पडला तर घालतो. झटक्याची चाचणी कशी करता?"

"वाळूचं पोतं टाकतो," धाकट्याचा आवाज वरून आला. "प्रत्येक लॉटमधून दोनदा."

"मग टाका पोतं."

मला माझा भाऊ माहीत आहे. लहानपणी कुणी झाडाकडे नुसतं बोट दाखवलं की हा शेंड्यावर असायचा. "पोत्याचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "मीच पडतो."

मोजपट्टीने खांदे उडवले. "मी सांगितलेलं नाही. तुमची मर्जी."

मी वर पाहिलं. धाकट्याने तुळईचा दुसरा सैल दोर ओढून पाठीला अडकवला होता. मोटारीच्या आकड्याची खीळ काढली की हातभर खाली पडणार आणि तो दोर त्याला झेलणार, असा हिशेब. सुती दोरा झटका धरत नाही. खाली फरशी होती, गाद्या नव्हत्या. त्याने खिळीवर हात ठेवला, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. रोज सकाळी मिटायचा तसे.

मी कशी उठले ते आठवत नाही. स्टूल पडल्याचा आवाज आठवतो. मी लाल दोरी दोन्ही हातांनी धरली आणि अंगातल्या सगळ्या ताकदीने खाली ओढली.

बाराही मशीनं एकदम थांबली. दिवे गेले, पंखे गरगरत मंदावले. उंचावरच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात धाकटा लोंबकळताना दिसत होता, हात अजून खिळीवरच.

"खिळीवरचा हात काढ," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. "ताई, काय झालं?"

"हात काढ आधी."

त्याने काढला. मी सांगितलं. राख, रीळ, सोळा पट्टे, आणि तुझ्या अंगावर आहे तोसुद्धा. सगळ्यांसमोर, मोजपट्टीकडे न बघता. बोलता बोलताच मी हँडल वर सारलं. दिवे आले, मोटार गुरगुरली. "आता खाली ये. सावकाश ये."

बटणांची डबी त्याच्या हातात होती. त्याने बटण दाबलं नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला खालूनही दिसत होता. तो भिंतीवरचे नियम बघत होता.

"हँडल खाली कर," तो म्हणाला. "अजून पाच प्रश्न झाले नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी खाली ये, मग जपानी हो."

"उतरा हो," मोजपट्टीही म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"मी तुम्हाला मघाशी शब्द दिला. काडी हलत नाही म्हणालो." धाकटा अगदी हळू बोलत होता, जास्त जोराने बोललं तर शिलाई ऐकेल अशा बेताने. "खाली आलो की मी चहा मागेन, तुम्ही घड्याळ बघाल, आणि आम्ही सगळे काहीतरी गोड उत्तर शोधून काढू. मी इथे आहे तोवर कुणी खोटं बोलणार नाही. ताई, पहिला का. सुती दोरा का लागला?"

त्याच्या आवाजात थरथर होती. म्हणजे त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, आणि तरी तो तिथे राहिला होता. दीड वर्ष मी ज्याला सोंग म्हणत होते ते सोंग नव्हतं. हे मला तेव्हा कळलं आणि त्याचा जास्तच राग आला.

"मी चुकीचं रीळ चढवलं म्हणून," मी म्हणाले.

"चुकीचं का चढवलं?"

"दोन्ही पांढरी, दोन्ही एका फळीवर, शेजारी शेजारी. लवकर विचार."

टक, असा बारीक आवाज आला. मांडीच्या पट्टीवरचा एक टाका. शिलाई करणाऱ्या बाईला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. बाराजणींनी एकदम वर बघितलं. धाकट्याने तो ऐकला की नाही कोण जाणे, पण त्याने दोन्ही हातांनी वरचा आकडा धरला.

"शिवताना कळलं का नाही?"

मी तोंड उघडायच्या आत काकू उभ्या राहिल्या. "मला कळलं होतं, साहेब. सुईपाशी बारीक कापूस जमत होता. म्हटलं, नवीन माल असेल. आणि दोरी ओढायची म्हणजे..." त्यांनी बडबडीकडे पाहिलं. "तुमचं ते तोंड बघवत नाही हो. पिशवीच्या वेळी बघितलं ना आम्ही."

"बरं," धाकटा म्हणाला. एवढंच. मग घसा साफ करून, "चौथा. दोन्ही रिळं शेजारी शेजारी का होती? पूर्वी झाकणं होती ना?"

"कचऱ्यात गेली."

टक. टक.

"का गेली?" हा पाचवा होता. विचारता विचारताच त्याला उत्तर समोर दिसलं असणार, कारण मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मी टाकली. घाणेरडी दिसत होती म्हणून. पाहुणे येणार, त्यांना जोड्याची खोकी काय दाखवायची, असं वाटलं. त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही."

मग त्याने बटण दाबलं. मोटारीला माणूस खाली आणायला नेहमी जितका वेळ लागतो तितकाच लागला असेल. मला तो वेळ आई दवाखान्यात होती त्या शेवटच्या रात्रीएवढा वाटला. त्याचे पाय फरशीला टेकले आणि तो तिथेच खाली बसला. मी कड्या सोडल्या. उजव्या मांडीच्या पट्टीवरचे पाच टाके गेले होते. सहावा अर्धा.

तो उठला, मोजपट्टीसमोर उभा राहिला आणि कमरेतून वाकला. या वेळी कुणाला हसू आलं नाही. "हा लॉट विकाऊ नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही."

मोजपट्टीने सोळाही पट्टे टेबलावर मांडून घेतले. माझा लायटर मागितला आणि एकेकाचं टोक जाळून बघितलं. मग दांडीवरच्या चौतिसांमधले चार उसवून बघितले. ते जिवाच्याच दोऱ्याचे होते. तुटलेल्या टाक्यांवरून त्याने बराच वेळ अंगठा फिरवला.

"मी पुष्कळ कारखाने बघितले," तो शेवटी म्हणाला. "चूक पकडली की नोकराचं नाव सांगतात. मालकाने स्वतःचं नाव सांगितलेलं आज बघितलं. हे सोळा नव्याने शिवा. मी आठवड्याने येतो. पोतंच टाकू." आणि लायटर माझ्या हातात परत देत, "ते ठीक निघाले तर आपलं जमेल, असं समजा."

बडबडीने तोंडावर पदर धरला. काकू डोळे पुसत होत्या. धाकटा उभा होता, घामाने भिजलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी तो शाळेत असतानाच पाहिलं होतं, पहिला नंबर आल्याचं सांगायला धावत यायचा तेव्हा. मोजपट्टी दाराशी गेला आणि त्याने खुंटीवरची टोपी काढली.

सगळं निभावलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमत होतं. कालच जमवलं होतं.

मी लाल दोरी पुन्हा ओढली.

दिवे गेले. सगळे माझ्याकडे वळले. मोजपट्टी टोपी हातात घेऊन उंबऱ्यातच थांबला.

"पाच उत्तरं झाली, पण ती पुरी नाहीत," मी म्हणाले. "झाकणं कचऱ्यात गेली ती मी काल दुपारीच बघितली. डब्यातून उचलून परत ठेवायला मला चार पावलं चालायचं होतं. मी चालले नाही. आता कधीतरी चूक होणार हे मला कळत होतं. होऊ दे, म्हटलं. या तलवारबहाद्दराचं एकदा चारचौघांत नाक कापलं जाऊ दे, मग उतरेल त्याचं जपानी खूळ. पिशव्या चुकतील, थोडं हसं होईल, एवढंच डोक्यात होतं. आणि चहानंतर रागाच्या भरात मीच न बघता रीळ उचललं. ज्याला शिलाईतलं काही कळत नाही त्याने झाकणं टाकली. जिला सगळं कळत होतं ती गप्प बसली. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. तू माझं नाव न घेता वाकलास, ते मला सहन होत नाही."

बोलून झाल्यावर मी दोरी सोडली नाही. सोडली असती तर पडले असते.

धाकटा माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. जे मी केलं ते त्याच्या जिवावर बेतलं होतं, आणि ते त्याला आता पुरतं कळत होतं. तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं. ओरडावं असंही वाटलं. त्याचे ओठ हलले. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, नियमांची पहिली ओळ वाचल्यासारखं.

"आभारी आहे, ताई," तो म्हणाला.

तो वाकला नाही. नुसता म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. मग तो गेला आणि मी पाडलेलं स्टूल उचलून घेऊन आला. ते माझ्यामागे ठेवलं आणि मला खांद्याला धरून बसवलं. स्वतः समोर फरशीवर बसला, मांडी घालून, गुडघे न दुमडता.

दाराशी मोजपट्टीने टोपी परत खुंटीला लावली.

"आता पहिला का," धाकटा म्हणाला. "माझं नाक कापलं जावं, असं तुला का वाटलं?"

हँडल अजून खालीच होतं आणि बाराही मशीनं बंद होती. मी दीड वर्षांपासून सुरुवात करावी की आई गेली तिथपासून, असा विचार केला, आणि आईपासून सांगायला लागले.